सेंद्रिय कापसाची तपासणी कोणाच्या गाडीतून होते? अपेडा आणि प्रमाणन संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, अपेडा (कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण), नवी दिल्ली
राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या (एनपीओपी) मान्यता मंडळाचे मा. सदस्य
आणि एनपीओपीखाली काम करणाऱ्या प्रमाणन संस्थांचे संचालक

विषय: शेतकरी गटांच्या तपासणीतला हितसंबंधांचा गुंता आणि तो सोडवण्यासाठी करायचे बदल

महोदय,

विदर्भ-खानदेशातल्या सेंद्रिय कापूस गटांची तपासणी करणारे निरीक्षक, त्यांच्या अहवालांची छाननी करणारे आणि गटांच्या आत आयसीएसचे, म्हणजे अंतर्गत नियंत्रण व्यवस्थेचे, काम पाहणारे अशा काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. म्हणणे एकच आहे. तपासणीची फी भरणारा, निरीक्षकाला गाडीत घालून नेणारा, कोणती शेते दाखवायची ते ठरवणारा आणि शेवटी तोच कापूस विकत घेणारा, हे सगळे एकच असतील तर निरीक्षकाने सही करून दिलेल्या निःपक्षपातीपणाच्या घोषणापत्राला रद्दीचाही भाव येणार नाही. घोषणापत्रे भरपूर झाली. आता पैसा, यादी, गाडी आणि नमुना या चार गोष्टी कोणाच्या हातात असाव्यात ते नियमात लिहा.

गेल्या काही वर्षांत काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएस या कापड-मानकाच्या संस्थेने भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाची प्रमाणपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले. सरकारी संकेतस्थळाची नक्कल करून, त्यावर नेणारे क्यूआर कोड छापून टीसी, म्हणजे व्यवहार प्रमाणपत्रे, तयार केली होती. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अपेडाबरोबरची मान्यतेची व्यवस्था संपवत असल्याचे कळवले आणि जुलै २०२२ पासून अमेरिकेला माल पाठवायचा तर थेट त्यांच्या नियमांनी प्रमाणपत्र घेणे भाग पडले. तिळात इथिलीन ऑक्साइडचे अवशेष सापडल्यावर युरोपीय संघाने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढली. प्रत्येक वेळी आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली: आणखी एक फॉर्म, आणखी एक अपलोड, आणखी एक जिओ-टॅग केलेला फोटो. फोटोला आमचा विरोध नाही. पण ज्या शेताचा फोटो हवा तेच शेत निवडण्याचा हक्क तपासल्या जाणाऱ्याकडे असेल, तर जिओ-टॅग फक्त एवढेच सांगतो की निरीक्षक त्या शेतात गेला होता.

गटाची रचना सर्वांना माहीत आहे, तरी हितसंबंध नेमके कुठे बसतात ते दाखवायला थोडक्यात सांगावी लागते. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला स्वतंत्र प्रमाणपत्र परवडत नाही, म्हणून २५ ते ५०० जणांचा गट करायचा. गटाची आयसीएस प्रत्येक शेताची आतून तपासणी करते आणि बाहेरची प्रमाणन संस्था त्यातल्या काही शेतांवर जाऊन आयसीएसचे काम खरे आहे का ते पडताळते. ही पद्धत चांगली आहे, तिला पर्यायही नाही. अडचण अशी की आयसीएस चालवायला माणसे, संगणक आणि प्रमाणनाची फी लागते, आणि हा खर्च बहुतेक ठिकाणी जिनिंगवाला, व्यापारी, निर्यातदार किंवा एखादी सेवा पुरवणारी कंपनी करते. साहजिकच ट्रेसनेटचा, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन नोंद-प्रणालीचा, पासवर्ड तिच्याकडे, फार्म डायऱ्या तिच्या कपाटात, शेतकऱ्यांच्या सह्यांचे गठ्ठे तिच्या ऑफिसात. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीने गटाला स्वतःचा कायदेशीर दर्जा दिला, हे पाऊल योग्यच होते. पण कागदावरचा मालक बदलला म्हणून पासवर्ड हलत नाही. गटाच्या बँक खात्यातून प्रमाणनाची फी जाते का, आणि त्याच आठवड्यात तेवढीच रक्कम खरेदीदाराकडून त्या खात्यात जमा झाली आहे का, एवढे बँक पासबुक पाहिले तरी गट खरा स्वतंत्र आहे का ते कळते. आजच्या तपासणी-सूचीत हा प्रश्न सक्तीचा करा.

पैशाची दुसरी वाट प्रमाणन संस्थेच्या बाजूने आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. अनेक दरपत्रकांत वार्षिक तपासणीची रक्कम कमी ठेवलेली असते आणि प्रत्येक टीसीमागे वेगळी फी असते. म्हणजे गटाचा जितका माल ‘सेंद्रिय’ म्हणून हलेल तितकी संस्थेची कमाई. ज्या संस्थेने उत्पादनाचा अंदाज कापायचा, तिचेच उत्पन्न तो अंदाज फुगला की वाढते. हे आकड्यांत पाहा. ४८० शेतकऱ्यांचा गट, कापसाखालची जमीन १,२०० एकर. आयसीएसने एकरी १० क्विंटलचा अंदाज लावला तर स्कोप प्रमाणपत्रावर, म्हणजे गटाची जमीन, पीक आणि अंदाज नोंदवणाऱ्या मूळ प्रमाणपत्रावर, १२,००० क्विंटल कापूस येतो. कोरडवाहू, बिगर-बीटी (जनुकीय बदल न केलेले) वाण, खत म्हणून शेणखत आणि जीवामृत; अशा शेतात प्रत्यक्षात एकरी ५ क्विंटल निघाला तर खरा माल ६,००० क्विंटल. उरलेल्या ६,००० क्विंटलची जागा कागदावर मोकळी राहते आणि तिथे गावातल्याच खेडा खरेदीतला बीटी कापूस आरामात बसतो. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर २,०४० क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या १,२०० गाठी. एका गटातून, एका हंगामात, एकही कागद खोटा न छापता. बनावट क्यूआर कोड करणारा अडाणीच म्हणायचा.

म्हणून पहिली मागणी. टीसीची फी तिच्या कामाला लागलेल्या तासांवर ठरावी, वजनावर किंवा टीसींच्या संख्येवर नको. आणि तिचा वर्षाचा हिशेब संस्थेने तपासणी-फीच्या उत्पन्नापासून वेगळा दाखवावा. ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक उत्पन्न टीसींतून येते, तिच्या उत्पादन-अंदाजांची मान्यता मंडळाने दरवर्षी स्वतः फेरतपासणी करावी. एकाच खरेदीदाराशी जोडलेले किती गट संस्थेकडे आहेत आणि त्यांचा तिच्या उत्पन्नात वाटा किती, हा आकडाही मागवा. पाच वेगवेगळ्या गटांची पाच वेगवेगळी नावे असतात, पण ते सोडून गेले तर एकदमच जातात, कारण चेक लिहिणारा हात एक असतो. त्याला नाराज करण्याची संस्थेची ताकद किती, हे त्या एका आकड्यात दिसते.

आता तपासणीचा दिवस. नियम सांगतात किती शेते पाहायची. अमेरिकेच्या नियमात सदस्यसंख्येच्या वर्गमुळाच्या १.४ पट किंवा २ टक्के, यांपैकी जास्त असेल ते. ४८० च्या गटाला ३१ शेते. युरोपच्या नव्या नियमात ५ टक्के, म्हणजे २४. ही संख्या बहुतेक अहवालांत बरोबर असते. प्रश्न ती ३१ शेते कोणी निवडली हा आहे. ‘शेतकरी घरी भेटावेत म्हणून’ यादी आठवडाभर आधी गटाला मेल केली जाते. त्यानंतर त्या ३१ घरांत जे व्हायचे ते होते: डायरी भरून येते, गोठ्यातला फवारणीचा पंप आणि तणनाशकाची बाटली दुसऱ्याच्या घरी जाते, शेताच्या बांधावर पाटी लागते, आणि ‘बियाणे कोणते?’ याचे उत्तर तीन गावांत एकाच वाक्यात मिळते. सकाळी समन्वयक बोलेरो घेऊन लॉजवर हजर. मागच्या सीटवर अंतर्गत निरीक्षक. शेतात प्रश्न निरीक्षक विचारतो आणि शेतकरी समन्वयकाकडे बघून उत्तर देतो. दुपारचे जेवण गटप्रमुखाकडे, पुरणपोळी नको म्हटले तरी वरण-भात असतोच, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असतो असेही नाही. आपल्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत. पण त्याच ओट्यावर बसून चार वाजता ‘तुमच्या गटात गंभीर त्रुटी आहे’ असे लिहून द्यायचे असते.

हे बदलायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. यादी निरीक्षकानेही काढू नये; संस्थेच्या कार्यालयाने काढावी आणि निरीक्षकाला आदल्या रात्री द्यावी. गटाला फक्त तारखा आणि गावे कळवावीत, नावे नाहीत. निवड अशी करता येते: दोन तृतीयांश शेते जोखमीवरून, एक तृतीयांश सरळ लॉटरीने. जोखमीत प्राधान्याने घ्यायचे ते पुढील सदस्य: ज्यांचा एकरी अंदाज गटाच्या सरासरीपेक्षा बराच वर आहे, ज्यांच्या चारही बाजूंना बीटी आहे, जे या वर्षीच गटात आले आणि तरी रूपांतरणाचा (रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे येण्याचा) काळ पूर्ण दाखवला आहे, ज्यांची जमीन दोन गटांत विभागली आहे, आणि ज्यांनी मागच्या हंगामात गटाला एक किलोही कापूस विकला नाही. या शेवटच्या सदस्यांना जरूर भेटा. त्यांच्या नावावर माल विकला गेलेला असतो आणि त्यांना ते माहीत नसते.

गाडी संस्थेची असावी. भाड्याची घ्या, भाडे फीमध्ये दाखवा. समन्वयक शेतापर्यंत येईल, वाट दाखवील. शेतकऱ्याशी बोलताना तो बांधापलीकडे थांबेल, आणि ‘थांबला होता’ असे अहवालात लिहिले जाईल. गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या गावांत दुभाषा गटाने पुरवला तर ती मुलाखत मोजू नये; शाळेतला मुलगा किंवा अंगणवाडी सेविका चालेल. आणि दिवस पुरेसे द्या. शेत चालून, कोठार पाहून, डायरी जुळवून एका दिवसात नीट पाच शेते होतात. ३१ शेतांना सहा-सात दिवस, वर आयसीएस कार्यालयाचा एक दिवस. दरपत्रकात तीनच दिवस असतील तर निरीक्षकाने रोज दहा शेते ‘पाहायची’ हे आधीच ठरलेले असते. कमी दिवसांची निविदा हा स्वस्ताईचा प्रश्न वाटतो, पण आमच्या मते तो निःपक्षपातीपणाचाच प्रश्न आहे: दमलेला आणि घाईतला निरीक्षक आयसीएसच्या कागदावर विसंबतो, आणि ज्याच्या कागदावर विसंबला त्याच्याविरुद्ध लिहीत नाही.

कार्यालयातल्या त्या एका दिवसात काय पाहायचे यावरही थोडे. अंतर्गत तपासणी वर्षातून दोनदा धरली तर ४८० शेतांच्या ९६० भेटी होतात. अंतर्गत निरीक्षक तीन, म्हणजे प्रत्येकी ३२०. दिवसाला सहा शेते धरली तरी प्रत्येकाचे ५४ दिवस जातात. नोंदींत या भेटी बारा दिवसांत संपलेल्या दिसल्या तर रोज सत्तावीस शेते झाली. मग त्या बारा दिवसांतला निरीक्षकाचा हजेरीपट आणि पेट्रोलची बिले मागा. फार्म डायऱ्यांची दहा-बारा पाने शेजारी ठेवून बघा. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात जूनपासून नोव्हेंबरपर्यंतच्या नोंदी असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या गेल्या. सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. गटाच्या यादीत कापूस दोन हेक्टर आणि पीक पाहणीत सोयाबीन दीड हेक्टर, असे एक उदाहरण सापडले तर चूक असेल. वीस सापडली तर ती पद्धत आहे. काट्याच्या पावत्यांवरची गाडी क्रमांकासह तारीख आणि शेतातल्या वेचणीची तारीख जुळवा. पहिल्या वेचणीआधी जिनिंगला पोचलेला कापूस कोणत्या शेतातला, हे समन्वयकाला विचारायला कोणतेही कलम लागत नाही.

इथेच दुसरा, जास्त नाजूक हितसंबंध येतो: स्वतः उभे केलेले काम स्वतःच तपासणे. आयएसओ/आयईसी १७०६५ हे मानक प्रमाणन संस्थेला सल्लागाराचे काम करायला मनाई करते, हे सर्वांना पाठ आहे. म्हणून सल्ला दुसऱ्या दारातून दिला जातो. संस्थेच्याच एखाद्या माजी अधिकाऱ्याची प्रशिक्षण कंपनी, एकाच इमारतीत पत्ता, आणि गटाला मिळणारे दोन दरपत्रकांचे एकच पाकीट: ‘आयसीएस उभारणी, कागदपत्रे आणि प्रमाणन’. ‘यांच्याकडून फाइल करून घेतलीत तर लवकर होईल’ हे वाक्य फोनवर बोलले जाते, लिहिले कधीच जात नाही. पण खुणा राहतात. वीस गटांच्या अंतर्गत नियमावल्यांत तीच शुद्धलेखनाची चूक त्याच पानावर असते. एका गटाच्या जोखीम-तक्त्यात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या नदीचे नाव राहून गेलेले असते. छाननी करणाऱ्याने असे नमुने दिसताच फाइलीचे गुणधर्म उघडून ती कोणाच्या संगणकावर तयार झाली ते पाहावे आणि अहवालात नोंदवावे.

निरीक्षकाने शेतात किंवा बैठकीत काय बोलावे याचीही रेष स्पष्ट हवी, कारण नवे निरीक्षक इथे खरोखर गोंधळतात. कलम काय म्हणते ते समजावणे चालते. त्रुटी नेमकी कुठे आहे आणि ती कोणत्या पुराव्यावरून काढली ते सांगणे तर बंधनकारकच आहे. पण ‘बफरसाठी (शेजारच्या शेतापासूनच्या संरक्षक पट्ट्यासाठी) तुरीच्या चार ओळी दाखवा म्हणजे भागेल’ असे म्हटले की पुढच्या वर्षी त्या चार ओळी निरीक्षकाच्या झाल्या. त्या अपुऱ्या आहेत असे तो स्वतः लिहिणार नाही. व्हॉट्सअॅपवर डायरीचा कोरा नमुना पाठवणे, त्रुटीवरच्या उत्तराचा मसुदा सुधारून देणे, हेही त्यातच येते. मदत करायची इच्छा चांगली आहे, ती कृषी विभागाच्या माणसाने किंवा गटाने नेमलेल्या सल्लागाराने पुरी करावी.

मग येतो गार पडण्याचा काळ. सल्ला दिलेल्या माणसाने त्या ग्राहकाच्या छाननीत वा निर्णयात किती काळ बसू नये, याचा कालावधी १७०६५ मध्ये संस्थेने स्वतः ठरवायचा असतो आणि उदाहरणादाखल दोन वर्षे सुचवली आहेत. अमेरिकेचा नियम बारा महिने धरतो. आमची सूचना दोन वर्षांची, आणि ती निरीक्षक, छाननीकर्ता व निर्णय घेणारा या तिघांनाही लावा. उलट दिशेनेही लावा. आज गट तपासणारा निरीक्षक सहा महिन्यांनी त्याच गटाचा आयसीएस व्यवस्थापक होतो तेव्हा नोकरीचे बोलणे कधी सुरू झाले हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो गेल्यानंतर त्याने केलेल्या शेवटच्या दोन तपासण्या दुसऱ्या निरीक्षकाकडून पुन्हा करून घ्याव्यात. सलग तीन वर्षांनंतर निरीक्षक बदलावा, हेही त्याच ओघात.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय नियम लिहून उपयोग नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले प्रमाणन संस्थेत असतात, गटांत असतात, जिनिंगच्या खरेदीत असतात आणि तालुका कृषी कार्यालयातही असतात. एकाच बॅचचे, एकाच होस्टेलचे. कोणाचा कोणाशीही संबंध नसलेला निरीक्षक शोधायचा तर तो बाहेरच्या राज्यातून आणावा लागेल आणि मग त्याला सातबारा वाचता येणार नाही. म्हणून संबंध ‘आहे की नाही’ असे विचारणे सोडून द्या. त्याने उत्तर नेहमी ‘निरंक’ येते. आमच्या पाहण्यात येणारी घोषणापत्रे वर्षानुवर्षे निरंक असतात, आणि ज्या क्षेत्रात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात तिथे निरंक घोषणापत्र हाच संशयाचा पहिला मुद्दा मानला पाहिजे.

नोंदवहीत संबंधाची प्रतवारी हवी. पहिली प्रत: ओळख, सहाध्यायी, जुना सहकारी, तपासणीला जाता येईल, पण नोंद होईल आणि छाननी अनोळखी माणूस करील. दुसरी: दोन वर्षांतली नोकरी किंवा सल्ला, उसने पैसे, भागीदारीतली शेती, जवळचा नातेवाईक गटाचा सदस्य किंवा पुरवठादार, जाता येणार नाही. तिसरी: कुटुंबाची जिनिंग, बियाण्याचे वा कीटकनाशकाचे दुकान, खरेदीचे अडतेपण, त्या तालुक्यातच काम मिळणार नाही. प्रत्येक नोंदीसमोर संबंध केव्हापासून, निर्णय काय, तो कोणी घेतला आणि पुन्हा केव्हा पाहायचा, हे चार रकाने भरलेले हवेत. संबंध सांगितला म्हणून कोणाचे कामाचे दिवस कापले जाऊ नयेत. दुसऱ्या तालुक्यातले काम तेवढ्याच दिवसांचे मिळाले तरच माणूस खरे सांगेल. रोजंदारीवरच्या निरीक्षकाला ‘प्रामाणिक राहा आणि उपाशी बस’ असे सांगणारी पद्धत टिकत नाही.

नमुन्यांबद्दल. बीटी तपासणीची पट्टी स्वस्त असते, काही मिनिटांत उत्तर देते, आणि त्यामुळेच ती गटाच्या हातात दिली जाते. पाने गटाने तोडायची, प्रयोगशाळेचे बिल गटाने भरायचे, अहवालही आधी गटाकडे यायचा: मग नको असलेला अहवाल संस्थेपर्यंत पोचतच नाही आणि नवा नमुना जातो. पाने निरीक्षकाने तोडावीत, पिशवी शेतकऱ्यासमोर सील व्हावी, तीन भाग व्हावेत (एक प्रयोगशाळेला, एक संस्थेकडे, एक शेतकऱ्याकडे), आणि निकाल प्रयोगशाळेने थेट संस्थेच्या छाननी विभागाला पाठवावा. एका झाडाचे पान घेऊन थांबू नका. अलीकडच्या बीटी पाकिटांत ५ ते १० टक्के बिगर-बीटी बियाणे आधीच मिसळलेले असते, त्यामुळे बीटीच्या शेतातही एखादे झाड ‘निगेटिव्ह’ निघते. नेमके ते झाड कोणते, हे ज्याने दुसरीकडे पट्टी लावून पाहिले आहे त्याला ठाऊक असते. शेताच्या पाच ठिकाणची, किमान पंधरा-वीस झाडांची कोवळी पाने घ्या, बांधाकडच्या दोन ओळी सोडून. पट्टी क्राय१एसी आणि क्राय२एबी दोन्ही प्रथिने पकडणारी असावी. शंका राहिली तर आयडब्ल्यूए ३२:२०१९ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी, करा. हे सगळे पान, सरकी किंवा रुई असेपर्यंतच. एकदा रंगाई-धुलाई होऊन कापड झाले की डीएनए हाती लागत नाही आणि उरतात ते कागदच.

तपासणाऱ्याने निर्णय घेऊ नये, ही अट सर्व संस्था पाळतात, पण नुसती नावे वेगळी करून. निर्णय घेणारा विपणन विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली असेल आणि त्याच्या पगारवाढीत ‘टिकवलेले ग्राहक’ हा निकष असेल, तर नावे वेगळी असून काय उपयोग? दोघांच्या मूल्यमापनातून ग्राहकसंख्या आणि टीसी काढून टाका. छाननीत त्रुटीची प्रत बदलली, गंभीरची किरकोळ केली, तर बदलणाऱ्याचे नाव आणि कारण मूळ नोंदीशेजारी राहिले पाहिजे, पुसून नवे लिहिलेले नको.

निःपक्षपातीपणाची समिती प्रत्येक संस्थेत आहे. वर्षातून एकदा बैठक होते, चहा-बिस्किटे होतात, मागील इतिवृत्त कायम होते. १७०६५ ने तिला दिलेला अधिकार मात्र मोठा आहे: व्यवस्थापनाने तिचे ऐकले नाही तर ती स्वतंत्रपणे पाऊल उचलू शकते, मान्यता देणाऱ्या संस्थेकडेही जाऊ शकते. तो वापरायचा तर समितीपुढे उत्पन्नातला मोठ्या ग्राहकांचा वाटा, नाकारलेल्या आणि निलंबित केलेल्या प्रमाणपत्रांची संख्या, गटाच्या मागणीवरून बदललेले निरीक्षक आणि छाननीत बदललेल्या त्रुटी हे आकडे यायला हवेत. समितीत एक तरी कोरडवाहू कापूस उत्पादक बसवा, जो त्या संस्थेच्या कोणत्याही गटात नाही. निर्यातदारांच्या संघटनेचे तीन आणि निवृत्त अधिकारी दोन, याला समतोल म्हणत नाहीत.

‘गटाच्या मागणीवरून बदललेला निरीक्षक’ यावर मंडळाने वेगळे लक्ष द्यावे. कडक अहवाल लिहिणाऱ्याला कोणी काढून टाकत नाही. पुढच्या हंगामात त्याला कामाचे दिवस मिळत नाहीत, एवढेच. गंभीर त्रुटी लिहिल्यानंतरच्या बारा महिन्यांत ज्या निरीक्षकाचे कामाचे दिवस निम्म्यावर आले, त्याचे कारण संस्थेने मंडळाला लेखी द्यावे. तसेच, त्रुटी उघड्या असताना गट दुसऱ्या संस्थेकडे गेला तर जुना अहवाल, छाननीच्या नोंदींसह, नव्या संस्थेने वाचल्याची सही झाल्याशिवाय ट्रेसनेटवर बदल होऊ नये.

खर्च वाढेल हे खरे आहे. गाडी, चार-पाच दिवस जास्त, पीसीआरचे बिल. हा बोजा शेतकऱ्याच्या भावातून कापला जाणार असेल तर आमचा या सर्व सूचनांना विरोधच राहील. सेंद्रिय कापसाचा जादा दर ज्या साखळीतून वर जातो, तिच्या वरच्या टोकाला असलेल्या खरेदीदाराने प्रति गाठ ठरावीक रक्कम मंडळाकडे भरावी आणि तिथून ती तपासणीसाठी संस्थांना मिळावी. पैसे देणारा आणि तपासणारा यांच्यामध्ये तिसरे खाते आले की निम्मा गुंता सुटतो. आणि शिक्षा देताना हात आवरा. आयसीएसच्या ऑफिसात झालेल्या लबाडीसाठी ४८० जणांचे प्रमाणपत्र एका फटक्यात गेले तर ज्यांनी खरोखर फवारणी थांबवली त्यांचीही दोन वर्षांची रूपांतरणाची मेहनत मातीत जाते. गट निलंबित झाला तरी, ज्याचे शेत स्वतंत्र तपासणीत स्वच्छ निघाले त्या शेतकऱ्याचा सेंद्रिय काळ मोजलेला राहावा आणि तो दुसऱ्या गटात तसाच नेता यावा.

पेरणी जूनमध्ये होते, पानांचे नमुने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावे लागतात, पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. यादी, गाडी आणि नमुना या तीन गोष्टींसाठी नियम बदलण्याचीही गरज नाही. मंडळाचे एक परिपत्रक पुरेल, आणि ते मेअखेर निघाले तर याच हंगामात लागू होईल. फीच्या खात्याचा आणि टीसीच्या दरांचा प्रश्न वेळ घेईल. त्यावर संस्था, गट आणि खरेदीदार यांची बैठक अकोला किंवा यवतमाळला बोलवावी. वर सांगितलेल्या संबंध-नोंदवहीचा आणि शेत-निवडीच्या तक्त्याचा मराठी नमुना आम्ही तयार केला आहे; मागितल्यास मंडळाला पाठवू. कळवण्याची विनंती एवढीच की उत्तर आम्हाला खासगीत न देता आपल्या संकेतस्थळावर द्यावे.

आपले,
विदर्भ-खानदेशातले काही सेंद्रिय निरीक्षक, छाननीकर्ते आणि आयसीएस कर्मचारी